साडेतीन हजारांचा एक फोटो: पैसे नेमके कशाचे?

प्रश्न डोंबिवलीच्या एका वडिलांचा आहे. त्यांची मुलगी 16 वर्षांची, अ‍ॅनिमेची, म्हणजे जपानी कार्टून मालिकांची, वेडी. गोरेगावला होणाऱ्या एका फॅन कन्व्हेन्शनला, म्हणजे चाहत्यांच्या मेळाव्याला, तिच्या आवडत्या पात्राला आवाज देणारा परदेशी कलाकार येतोय. प्रवेशाचं तिकीट वेगळं, त्याच्यासोबतच्या ‘प्रोफेशनल फोटो’चे 3,500 रुपये वेगळे आणि सहीचे 2,000 आणखी वेगळे. ते विचारतात, “माझ्या खिशात चांगल्या कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. मग एका क्लिकचे साडेतीन हजार कशासाठी? ही लूट आहे, की यात काही अर्थ आहे?”

कलाकारासोबतचे असे फोटो जिथे निघतात, त्या बूथवर मीच फोटो काढते. विक्रोळीला माझा छोटा स्टुडिओ आहे, लग्नं-मुंजी आणि पासपोर्ट फोटो हा रोजचा धंदा, आणि गेली दहाएक वर्षं कन्व्हेन्शन्स, मीट अँड ग्रीट, चाहत्यांचे मेळावे. आपल्याकडे हे प्रकरण तसं नवीनच. कॉमिक्सच्या चाहत्यांसाठीच्या कॉमिक कॉन इंडियाचा पहिला मेळावा 2011 साली दिल्ली हाटमध्ये भरला. मुंबईत आम्ही गोरेगावच्या नेस्कोच्या हॉलमध्ये रांगा बघितल्या आणि अलीकडे बीकेसीत, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुलात.

आधी थेट उत्तर देते. या पैशांत तुमच्या मुलीला त्या माणसाची भेट मिळणार नाही. तिला मिळतील आठ-दहा सेकंद, नीट लावलेला उजेड आणि हातात एक प्रिंट. तिला त्याच्याशी चार शब्द बोलायचे असतील तर फोटोऐवजी सही घ्या. सहीच्या टेबलापाशी कलाकार बसलेला असतो, नाव विचारतो, पेन उचलतो, लिहितो, तेवढ्यात बोलणं होतं. आणि भिंतीवर वर्षानुवर्षं लावायचा दोघांचा फोटो हवा असेल तर फोटो घ्या, तो पैसे वाया घालवणं नाही. हे आधी घरी बसून मुलीला विचारा. बूथमधून रडत बाहेर पडलेल्या बहुतेक मुलांना फोटो वाईट आला म्हणून रडू आलेलं नसतं. “मी त्याला सांगणार होते ते राहूनच गेलं,” म्हणून ती रडतात.

आता ते सेकंद. एका सत्राची 300 तिकिटं विकली आणि पाहुण्याने, म्हणजे त्या कलाकाराने, 40 मिनिटं दिली, तर 2,400 सेकंद भागिले 300, म्हणजे माणशी 8 सेकंद. या आठांत पडद्याआड पाऊल टाकणं, नमस्कार, जागेवर उभं राहणं, फ्लॅश आणि दुसऱ्या बाजूने बाहेर. बोलायला उरतात दोन सेकंद. दोन सेकंदांत “थँक यू” होतं, फार तर आपलं नाव. चांगला आयोजक मिनिटाला चार ते पाच माणसंच धरतो, म्हणजे माणशी 12 ते 15 सेकंद. ऐकायला फरक किरकोळ वाटतो. बूथमध्ये उभं राहिलं की कळतं, पंधरा सेकंदांत माणूस हसतो, आणि आठ सेकंदांत हसू चेहऱ्यावर पोचायच्या आत फ्लॅश पडलेला असतो.

म्हणून तिकीट काढण्याआधी आयोजकाला एकच गोष्ट विचारा: या सत्राची किती तिकिटं विकणार आणि पाहुणा बूथमध्ये किती वेळ उभा राहणार? ईमेलने विचारा, म्हणजे उत्तर लेखी राहतं. भागाकार घरी करा. उत्तर दहा सेकंदांच्या खाली आलं तर मी स्वतःच्या भाचीसाठी ते तिकीट घेणार नाही.

हे मी अनुभवातून सांगते आहे. काही वर्षांपूर्वी एका कार्यक्रमात आमच्याशी 150 जणांचं ठरलं होतं. सकाळी पोचलो तर रांगेची यादी 280 वर गेलेली. पाहुण्याचा वेळ तेवढाच, प्रिंटर तेवढेच दोन. आठ इंच बाय दहा इंचाची एक प्रिंट निघायला साधारण अर्धा मिनिट लागतं. दर आठ सेकंदांना माणूस पुढे सरकत असेल तर चार प्रिंटर लागतात, हे साधं गणित कोणीच केलं नव्हतं. दुपारी प्रिंटरची रंगाची रिबन संपली, सुटे रोल आणायला मुलगा गाडी घेऊन गेला तो हायवेवर अडकला. रात्री नऊपर्यंत बापमाणसं झोपलेली मुलं खांद्यावर घेऊन प्रिंटच्या टेबलापाशी उभी होती, आणि तोवर आयोजकांपैकी एकही तिथे फिरकला नाही. लोकांनी जे काही ऐकवायचं ते आम्हाला ऐकवलं. रास्तही होतं, पैसे त्यांनी मोजले होते. तेव्हापासून करारात प्रति सत्र माणसांचा आकडा लिहून घेतल्याशिवाय मी दिवे उतरवत नाही.

मोबाइल असताना हे कशाला, या प्रश्नाचं उत्तर उजेडात आहे. प्रदर्शनाच्या हॉलचं छत प्रचंड उंच, आणि दिवे थेट डोक्यावर. वरून पडणाऱ्या उजेडात डोळ्यांच्या खोबणीत काळोख साचतो, नाकाखाली मिशीसारखी सावली पडते. उजेड कमी म्हणून फोन शटर जास्त वेळ उघडं ठेवतो, आणि गर्दीत कोणाचा धक्का लागला की चेहरा पुसट. बूथमध्ये आम्ही दोन मोठे सॉफ्टबॉक्स (उजेड मऊ करणारे, कापडी पेटीतले दिवे) लावतो, दोन्ही बाजूंनी तिरके, डोळ्यांच्या पातळीच्या थोडे वर. अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक, एफ 8 च्या आसपास, शटर सेकंदाच्या 1/125 भागापुरतं, आयएसओ, म्हणजे उजेडाची संवेदनशीलता, 100 किंवा 200. एफ 8 अशासाठी, की एक माणूस अर्धा फूट पुढे आणि एक मागे उभा राहिला तरी दोघांचे डोळे स्वच्छ यावेत. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या आसपास संपतो, त्यामुळे थरथरणारा हातही स्थिर दिसतो. आणि हात बहुतेकांचे थरथरत असतातच.

यातली एक गोष्ट माझ्या फार जवळची आहे. परदेशी पाहुण्याचा गोरा चेहरा आणि आपल्या पोरांचे सावळे-काळे चेहरे एकाच चौकटीत आले की फोनचा कॅमेरा गोंधळतो. गोरा चेहरा सांभाळायला जातो आणि आपलं मूल काळवंडतं, नाहीतर फोनमधलं फिल्टर त्याला खडूसारखं पांढरं करतं. बूथमध्ये मी कॅमेऱ्याला स्वतःहून काही ठरवू देत नाही. सकाळी ग्रे कार्ड (एकसारख्या करड्या रंगाचा पुठ्ठा) धरून उजेड मोजते, मग माझ्या सहायकाला, जो माझ्यापेक्षाही सावळा आहे, एका गोऱ्या स्वयंसेवकाशेजारी उभं करून चाचणीचे फोटो काढते, आणि दोन्ही चेहरे जसे आहेत तसे आले की सेटिंगला दिवसभर हात लावत नाही. आपल्या मुलीचा रंग तिच्या फोटोत तिचाच असला पाहिजे. पैसे देऊन काढलेल्या फोटोकडून एवढी अपेक्षा नक्की ठेवा, आणि आयोजकाने आधीच्या कार्यक्रमांचे फोटो टाकले असतील तर तेवढ्यासाठी निरखून बघा.

प्रिंटचं तंत्र मला माझ्या मामांनी दाखवलं. ते गेटवे ऑफ इंडियावर फोटो काढायचे. पूर्वी वहीत पत्ता लिहून घ्यायचे आणि फोटो पोस्टाने पाठवायचे. नंतर खांद्याच्या पिशवीत छोटा प्रिंटर आला. त्यात कागद चार वेळा पुढे येऊन मागे जायचा: आधी नुसतं पिवळं चित्र, मग त्यावर गुलाबी, मग निळा, आणि शेवटी पारदर्शक थर. गावाहून आलेली माणसं तो कागद पुढे-मागे होताना श्वास रोखून बघायची. आमच्या बूथमागचे मोठे प्रिंटर हेच करतात, फक्त झाकणाआड. रंगाची रिबन तापवून रंग कागदात मुरवतात आणि वरून संरक्षक थर चढवतात, त्यामुळे प्रिंट हातात येते तेव्हाच कोरडी असते. पाण्याचा थेंब पडला तर लगेच हलक्या हाताने टिपून घ्या. खरा धोका असतो मुंबईचा पावसाळा. फ्रेममध्ये प्रिंट थेट काचेला चिकटवून लावली तर दमटपणाने ती काचेलाच धरते आणि काढताना चेहरा सोलून निघतो. फ्रेमवाल्याला काच आणि प्रिंट यांच्या मधे माउंट, म्हणजे कडेचा पुठ्ठा, टाकायला सांगा, पन्नास-शंभर रुपयांचं काम आहे.

बाकी पैसे कुठे जातात? आमच्या हातात त्यातला थोडाच वाटा येतो, बहुतेक वेळा दिवसाचं ठरलेलं मानधन. मोठा हिस्सा पाहुण्याचा. न्यूयॉर्कमध्ये 1972 साली ‘स्टार ट्रेक’ या अंतराळकथेच्या टीव्ही मालिकेच्या चाहत्यांचा मोठा मेळावा भरला, आणि पुढच्या काही दशकांत अमेरिकेत यातून एक व्यवसायच उभा राहिला. तिथे आज पाहुण्याशी बहुधा ‘किमान हमी’चा करार होतो: सह्या आणि फोटो यांतून अमुक रक्कम जमलीच पाहिजे, कमी पडली तर आयोजक भरून देणार. म्हणून दर ठरवताना आयोजक त्या हमीकडे बघून ठरवतो, आमच्या दिव्यांकडे बघून नाही. तिथे कमी परिचित कलाकारासोबतचा फोटो 40-50 डॉलरला मिळतो, नावाजलेल्यांचे 100 ते 200, आणि सुपरहिरो रंगवणाऱ्या बड्या ताऱ्यांचे त्याहून वर. विमानाचं भाडं, हॉटेल, बंदोबस्त, हॉलचं भाडं हे वेगळंच. म्हणून 3,500 हा आकडा ऐकून मी दचकत नाही. त्या आकड्यात 300 माणसं कोंबली असतील तर मात्र दचकते.

तुमच्या प्रश्नामागे आणखी एक गोष्ट आहे हे मला कळतं, कारण माझ्या आईचाही हाच सवाल असतो. आपल्याकडे कलाकाराला भेटायचे पैसे पडत नाहीत. दादरला प्लाझासमोरच्या शिवाजी मंदिर नाट्यगृहात प्रयोग संपला की आपण रंगपटाच्या दाराशी जातो, मेकअप अर्धा पुसलेला नट बाहेर येतो, वाकून नमस्कार करतो, आपण फोटो काढतो. गडकरी रंगायतन असो की पार्ल्याचं दीनानाथ, ही रीत सगळीकडे आहे. ती मला प्राणापेक्षा प्रिय आहे, आणि ती कधी तिकिटावर जाऊ नये असं मनापासून वाटतं. पण तिथे वीस-तीस माणसं असतात आणि नटाला घर गाठायला ठाणे लोकल पुरते. चौदा-पंधरा तास प्रवास करून दोन दिवसांसाठी आलेल्या माणसाभोवती पाच हजार पोरं एकदम गोळा झाली तर चेंगराचेंगरी होईल. वेळ वाटून देण्याची कुठलीतरी पद्धत लागतेच, आणि तिकीट ही त्यातली एक. कन्व्हेन्शनमध्येही सगळं विकत नसतं, हे मुलीला सांगा. आपले चित्रकार, कॉमिक्सचे लेखक टेबल मांडून बसलेले असतात. त्यांचं पुस्तक घेतलं की ते बहुधा सही आनंदाने देतात, वर छोटं चित्रही काढून देतात, आणि तिथे पाच मिनिटं बोलायला मिळतं. तुमची मुलगी चित्र काढत असेल तर ते टेबल तिच्यासाठी फोटोच्या बूथपेक्षा मोलाचं आहे.

फोटो घ्यायचं ठरलंच, तर त्या दिवसाची तयारी नीट करा.

कपडे. पडद्याचा रंग आधी विचारा. काळ्या पडद्यापुढे काळा टी-शर्ट घातला की नुसतं डोकं हवेत तरंगल्यासारखं दिसतं. पांढराशुभ्र शर्ट फ्लॅशमध्ये चमकतो आणि सगळी नजर स्वतःकडे ओढतो. मधला, गडद पण काळा नसलेला रंग सर्वांत उत्तम. चष्मा असेल तर काचेत सॉफ्टबॉक्सचा चौकोन चमकतो. काड्या कानांवर किंचित वर उचला, म्हणजे काचा जराशा खाली झुकतात आणि चमक निघून जाते. आपल्या हवेत कपाळ घामेजतं, तेव्हा खिशात टिश्यू ठेवा आणि पडद्याआधीच्या शेवटच्या माणसामागे उभे असताना चेहरा टिपून घ्या. बॅग आणि फोन ठेवायला बूथच्या तोंडाशी टेबल असतं. गळ्यातला पास काढून हातात घ्या. लोक तो नेहमी विसरतात आणि आयुष्यभराच्या फोटोत छातीवर बारकोड लटकतो.

पोज आधी ठरवून ठेवा आणि आत शिरताच एका वाक्यात सांगा. आणि विचारून. खांद्यावर हात ठेवायचा असेल, मिठी मारायची असेल, तर ती परवानगी मी देऊ शकत नाही, तो पाहुणाच देतो. कोविडनंतर 2021 मध्ये अमेरिकेतल्या अनेक बूथमध्ये पाहुणा आणि चाहता यांच्यामध्ये प्लेक्सीग्लास, म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची भिंत, उभी केली होती, आणि कित्येक कलाकार त्यानंतरही अंतर ठेवणंच पसंत करतात. ते नाही म्हणाले तर मुलीने मनाला लावून घेऊ नये. दिवसभरात तीनशे अनोळखी माणसं अंगाला खेटणार, हे त्यांच्या जागी उभं राहून बघायला हवं. मुलगी 16 ची आहे, तेव्हा पालकाला बूथच्या आतपर्यंत सोबत येता येईल का हेही आधी विचारा. काही ठिकाणी एका तिकिटावर दोघांना उभं राहता येतं, काही ठिकाणी चौघांना. तुमच्या घरातली दोन मुलं असतील तर साडेतीन हजारांचे सात हजार करण्याआधी हा नियम वाचा.

मुलगी कॉस्प्ले करणार असेल, म्हणजे आवडत्या पात्राच्या वेशात येणार असेल, तर पंखांची, तलवारीची रुंदी मोजा. बूथ सहसा दहा फुटांचा असतो आणि दिव्यांचे स्टँड दोन्ही बाजूंना. एक मुलगा मला आजही आठवतो. फोमचं चिलखत घरी केलेलं, शिवणीला ग्लू गनचे ओघळ स्पष्ट दिसत होते, आणि आत घामाने तो चिंब. पडद्याच्या आत पाऊल टाकलं आणि चिलखताचं डाव्या खांद्यावरचं पातं गळून खाली पडलं. रांग थांबलेली, मागून मॅनेजर “नेक्स्ट, नेक्स्ट” म्हणतोय, पोराचा चेहरा उतरलेला. पाहुण्याने खाली वाकून ते पातं उचललं, पोराच्या खांद्यावर जिथल्या तिथे धरलं आणि माझ्याकडे बघून मान हलवली. मी फ्लॅश मारला. फोटोत ते पातं एका परक्या हाताने धरलेलं दिसतं आणि मुलगा त्या हाताकडे बघतोय, कॅमेऱ्याकडे नाही. नियमाने तो ‘चुकलेला’ फोटो. मी दुसरा काढला नाही. प्रिंट घेताना त्याने ती छातीशी धरली आणि काही न बोलता निघून गेला. असं काही तुमच्या वाट्याला येईलच असं नाही, त्याचं तिकीट मिळत नाही. पण दुरुस्तीचं सामान, ग्लू गन नाहीतर निदान चिकटपट्टी, सोबत ठेवा.

फोटो झाला की बाहेर पळू नका. आमचा कॅमेरा केबलने लॅपटॉपला जोडलेला असतो, फोटो लगेच स्क्रीनवर येतो. डोळे मिटलेत का, चष्म्यात चमक आहे का, एवढं तिथल्या तिथे बघा आणि मिटले असतील तर त्याच क्षणी सांगा. पाहुणा उभा असेपर्यंत आम्ही दुसरा काढू शकतो. तो गाडीत बसला की मग माझ्याही हातात काही उरत नाही. “मी जाड दिसतेय” म्हणून दुसरा मिळत नाही, डोळे मिटले म्हणून मिळतो. सॉफ्ट कॉपी तिकिटात धरली आहे की तिचे वेगळे पैसे, आणि ती किती दिवस डाउनलोड करता येते, हे तिथेच विचारून घ्या. प्रिंट एक दिवस हरवेल, फाइल तीन ठिकाणी ठेवता येते.

सही आणि फोटो दोन्ही घेणार असाल तर फोटोची वेळ आधीची घ्या आणि त्याच प्रिंटवर सही मागा. चकचकीत कागदावर साधं बॉलपेन चालत नाही, पर्मनंट मार्कर लागतो, आणि सही झाल्यावर दोन-तीन मिनिटं प्रिंट उघडी ठेवावी लागते. घाईने पिशवीत कोंबली तर शाई पसरते.

त्या फोटोचं पुढे काय करता येतं, हेही सांगते, कारण यात लोक फसतात. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम 17 प्रमाणे, पैसे देऊन आपल्या सांगण्यावरून काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, तो काढून घेणारा. पण इथे काढून घेणारा कोण, तुम्ही की आयोजक? त्याचं उत्तर तिकिटाच्या अटींत लिहिलेलं असतं, आणि बहुतेक अटी हक्क आयोजकाकडे ठेवतात. घरी लावणं, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकणं, इन्स्टाग्रामवर मिरवणं याला सहसा कोणाची हरकत नसते. धंद्यासाठी वापरणं मात्र वेगळी गोष्ट. एका क्लासचालकाने मी काढलेला त्याचा आणि एका अभिनेत्याचा फोटो नाक्यावरच्या फ्लेक्सवर लावला, खाली प्रवेश सुरू. आठ दिवसांत वकिलाची नोटीस आली. नाव, चेहरा, आवाज यांवर कलाकाराचा हक्क आपली न्यायालयं आता ठामपणे मानतात. दिल्ली उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अनिल कपूर यांच्या बाजूने आदेश दिला, मुंबई उच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये अरिजित सिंग यांच्या बाजूने. तुमच्या मुलीने उद्या स्वतः काढलेली चित्रं विकायला पेज सुरू केलं, तर त्याच्या जाहिरातीत हा फोटो वापरू नये, एवढं तिला समजावून सांगा.

पाहुणा आलाच नाही तर? हे होतं. शूटिंगच्या तारखा बदलतात, व्हिसा अडतो. बहुतेक अटींत फोटोचे पैसे परत मिळतात, प्रवेशाचे नाही. म्हणून अटींचा स्क्रीनशॉट तिकीट काढतानाच घेऊन ठेवा, नंतर ते पान बदललेलं असतं. पैसे द्यायला टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा नंबर आहे. तिथे नुसत्या तक्रारीनेही बऱ्याचदा हालचाल होते. पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची वेळ आलीच तर 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क पडत नाही. आणि तिकीट आयोजकाच्या अधिकृत पानावरूनच घ्या. हॉलच्या दाराशी कोणी “माझा स्लॉट घेता का” म्हणून क्यूआर कोडचा फोटो दाखवला तर घेऊ नका, तोच कोड त्याने आधी चौघांना विकलेला असतो. अशा लोकांना रांगेच्या टोकाहून परत पाठवताना मला फार वाईट वाटतं.

तुमच्या बाबतीत मी काय करेन, ते सांगते. मुलीला कागद-पेन देऊन बसवा, तिला त्या कलाकाराला काय सांगायचं आहे ते लिहू द्या. अर्ध्या पानापेक्षा जास्त लिहिलं तर सहीचे 2,000 भरा आणि 1,500 वाचवा. ती म्हणाली की मला फक्त शेजारी उभं राहायचं आहे, तर फोटो घ्या. दोन्ही घ्यायची घाई पहिल्याच वर्षी करू नका.

जमलं तर शनिवारचा स्लॉट घ्या. रविवारी मध्य रेल्वेवर माटुंगा-मुलुंड मेगाब्लॉक असला तर डोंबिवलीहून दादर गाठायलाच घामटा निघतो, तिथून पुढे गाडी बदलून राम मंदिर किंवा गोरेगाव स्टेशन. फोटोचा स्लॉट चुकला तर कुठलाही आयोजक मेगाब्लॉकचं कारण ऐकत नाही. वेळेच्या तासभर आधी हॉलमध्ये असा. आणि घरून निघताना कडक पुठ्ठ्याची फाइल घ्या, आठ बाय दहाची प्रिंट सपाट मावेल अशी. कॉलेजच्या दप्तरात ती दुमडते. परतीच्या गाडीत फाइल हातात धरायची असेल तर दादरला संध्याकाळची पहिली फास्ट सोडून द्या, मागची कल्याण स्लो घ्या आणि खिडकीपाशी बसा.